मृत्युपत्रांतलें एक कलम

दिवेलागणीच्या वेळीं, घरांतील लहानथोर मंडळी एकत्र बसलेली असतांना मृत्युपत्राचा विषय काढणें अनेकांना रुचणार नाहीं, हें मला ठाऊक आहे. आपल्याकडे मरणाचें नांव निघालें कीं घरांतील वडील माणूस चटकन् "शुभ बोल नाऱ्या" असें म्हणतें. विम्याचा हप्ता आपण बिनबोभाट भरतों. तोहि वास्तविक मरणाचाच विचार आहे. पण आपल्यामागें आपल्या चीजवस्तूचें काय व्हावें हें चार ओळींत लिहून ठेवा, असें कोणी सुचविलें कीं तें आपल्याला अमंगळ वाटतें. या संकोचाची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. ती कोणाला द्यावी लागते हें मीं एकदां जवळून पाहिलें आहे, आणि त्यांत माझाहि दोष आहे. म्हणूनच आज या विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें.

तालुक्याच्या एका गांवांतील धर्मादाय दवाखान्याशीं माझा पुष्कळ वर्षांचा संबंध आहे. दवाखाना लहानच, बारा खाटा, एक बाळंतपणाची खोली, दोन डॉक्टर आणि मोजक्या परिचारिका. त्या गांवांत एक निवृत्त शिक्षिका राहत असत. सारें गांव त्यांना नुसतें "बाई" म्हणे. त्यांनीं लग्न केलें नव्हतें. नोकरीच्या पैशांतून बांधलेलें दोन खोल्यांचें घर आणि बँकेंतील थोडी ठेव, एवढीच त्यांची मिळकत. दर गुरुवारीं त्या दवाखान्यांत येऊन रुग्णांचीं नांवें नोंदवून घेण्याचें काम करीत. एके दिवशीं वही मिटतां मिटतां त्या मला म्हणाल्या, "भाऊ, माझ्यामागें तें घर दवाखान्याचें. रात्रीं-अपरात्रीं एखादी अडलेली बाई आली, तर परिचारिका गांवांतच असायला हवी. तिला राहायला जागा होईल."

मी त्या दवाखान्याचा विश्वस्त. मला एकच वाक्य बोलायचें होतें: "बाई, हें रीतसर लिहून ठेवा." तें माझ्या ओठांवर आलें आणि तेथेंच राहिलें. वाटलें, बाई मनांत काय म्हणतील? हे लोक माझ्या मरणाची वाट पाहत बसले आहेत, असें तर त्यांना वाटणार नाहीं ना? पुढेंहि दोन वर्षें मला तें वाक्य बोलण्याचा धीर झाला नाहीं. एका पावसाळ्यांत बाई तीन दिवसांच्या आजारानें गेल्या.

त्यांच्या कपाटांत एक कागद सांपडला. त्यावर घर दवाखान्याला द्यावें, ही इच्छा सुंदर, वळणदार अक्षरांत लिहिलेली होती. खालीं त्यांची सही होती, तारीख होती. साक्षीदारांच्या सह्या मात्र नव्हत्या. वकिलांनीं कागद पाहिला आणि मान हलविली. घर कायद्यानें परगांवच्या पुतण्यांकडे गेलें. ते भले लोक होते. पण त्यांनाहि मुलांच्या शिक्षणाचा खर्च होता. त्यांनीं घर विकलें. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. आमची रात्रपाळीची परिचारिका अजून शेजारच्या गांवाहून येते, आणि एखाद्या दिवशीं गाडी चुकली कीं त्या रात्रीं बाळंतपणाच्या खोलीला कुलूप लागतें. माझ्या संकोचाची किंमत कोणी दिली, हें यावरून आपल्या ध्यानांत येईल.

आतां कायदा काय मागतो तें पाहा. मागणें फार थोडें आहे. १९२५ सालच्या भारतीय वारसा कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें मृत्युपत्र लेखी असावें, त्यावर करणाऱ्याची सही असावी, आणि निदान दोन साक्षीदारांनीं तीं सही होतांना पाहून, किंवा ती आपली असल्याचें करणाऱ्याच्या तोंडून ऐकून, त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्या. मृत्युपत्राला मुद्रांकाचा कागद लागत नाहीं. त्याची नोंदणी सक्तीची नाहीं. केली तर पुढें वाद कमी होतात, म्हणून ती करणें शहाणपणाचें. ज्याला मृत्युपत्रानें कांहीं मिळावयाचें आहे त्याला साक्षीदार करूं नये. शक्य तर एक साक्षीदार आपला नेहमींचा डॉक्टर असावा, म्हणजे करणाऱ्याची बुद्धि शाबूत होती कीं नव्हती हा प्रश्न काढणें कठीण जातें. बाईंच्या कागदाला उणें होतें तें एवढेंच, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचें.

आणखी एक गैरसमज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. बँकेच्या किंवा कंपनीच्या कागदावर नामनिर्देशन केलें म्हणजे व्यवस्था झाली, असें अनेक जण समजतात. कंपन्यांच्या भागांपुरतें बोलावयाचें तर, नामनिर्देशित व्यक्ति त्यांची मालक होत नाहीं, वारसांचा हक्क कायम राहतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं स्पष्ट केलें आहे. नामनिर्देशन हें मृत्युपत्राची जागा घेऊं शकत नाहीं.

दवाखान्यासाठीं मागें कांहीं ठेवून जाण्याची चाल आपल्या प्रांतांत जुनी आहे. पुण्याच्या ज्या रुग्णालयाला डेव्हिड ससून यांचें नांव आहे, तें १८६७ सालीं पुरें झालें. ते स्वतः १८६४ सालींच वारले होते. पुणेंकर ज्याला लाल देऊळ म्हणतात, त्या ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिराच्या आवारांत त्यांचें थडगें आहे. ज्या खाटांवर पुढें पिढ्यान् पिढ्या रुग्ण निजले, त्यांतील एकहि खाट त्यांनीं पाहिली नाहीं. देणगी देणाऱ्याला तिचें फळ दिसलेंच पाहिजे असें नाहीं.

मुंबईंत परळला गेलांत तर दोन मोठ्या संस्था जवळजवळ दिसतील, आणि दोहोंच्या मुळाशीं एकेका मृत मनुष्याची संपत्ति आहे. पहिली म्हणजे के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेलें सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. त्या काळीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या जागा बहुतांशीं इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. कितीहि विद्वान् एतद्देशीय डॉक्टर असला तरी त्याला त्या खुर्चीपर्यंत पोंचणें दुर्घट होतें. सेठजींच्या पश्चात् त्यांच्या विश्वस्तांनीं पैसा देऊं केला तो एका अटीवर: येथील अध्यापक हे सरकारी नोकरींत नसलेले, योग्य पात्रतेचे भारतीय असावेत. १९२६ सालीं संस्था सुरू झाली, आणि डॉ. जीवराज मेहता तिचे पहिले अधिष्ठाता झाले. आपल्या लोकांचें आरोग्य आपल्या लोकांनीं सांभाळावें ही गोष्ट जी भाषणांनीं साधली नव्हती, ती देणगीपत्रांतील एका अटीनें साधली.

दुसरी संस्था टाटा स्मारक रुग्णालय. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. या दांपत्याला अपत्य नव्हतें. १९३२ सालीं दोराबजींनीं आपली जवळजवळ सर्व संपत्ति, पत्नीच्या जडजवाहिरासह, विश्वस्तांच्या स्वाधीन केली, आणि त्याच वर्षीं तेहि गेले. त्या विश्वस्तनिधीचे उद्देश विस्तृत ठेवलेले होते. अमुक इमारत बांधा, अमुक यंत्र घ्या, असें त्यांत जखडून टाकलेलें नव्हतें. त्यामुळें विश्वस्तांना विचार करण्यास मोकळीक राहिली, आणि १९४१ च्या फेब्रुवारींत परळला कर्करोगाचें रुग्णालय उघडलें. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ सालीं अणुशक्ति विभागाकडे गेलें. चालविणारे हात बदलले, काम मात्र अखंड चालू आहे.

आपण म्हणाल, हीं सेठ-सावकारांचीं उदाहरणें. आमच्याजवळ एक सदनिका, थोडी भविष्यनिर्वाहाची रक्कम, चार दागिने. त्यांतून कसलें रुग्णालय उभें राहणार? श्रोतेहो, माझा मुद्दा येथेंच आहे. रुग्णालय उभें करणें हें काम मोठ्या धनिकाचें किंवा सरकारचें असेल. तें चालतें ठेवणें हें काम मात्र मध्यम स्थितीच्या घरांना जमण्यासारखें आहे. आमच्या दवाखान्यांत भिंतीवर संगमरवरी पाट्यांची उणीव नाहीं. खोलीला नांव देण्यास देणगीदार मिळतो. त्या खोलींतील परिचारिकेचा पगार, विजेचें देयक, चादरींची धुलाई, मोडलेल्या यंत्राची दुरुस्ती, यांना आपलें नांव द्यावें असें कोणालाहि वाटत नाहीं. एखाद्यानें घोडा दान द्यावा आणि चंदीची व्यवस्था करूं नये, तशी ही गत आहे. घोडा दारीं उभा असतो आणि घरधन्याची झोंप उडते. म्हणून पहिली गोष्ट अशी कीं, दवाखान्यास कांहीं ठेवावयाचें असेल तर तें चालू खर्चासाठीं ठेवा.

दुसरी गोष्ट रकमेची. जुन्या रुग्णालयांच्या भिंतींवर "अमक्याच्या स्मरणार्थ एक खाट" अशा पाट्या आढळतात. समजा, त्या काळीं कोणी अशा खाटेसाठीं दहा हजार रुपये साडेतीन टक्क्यांच्या सरकारी कर्जरोख्यांत गुंतविले. वर्षाला साडेतीनशें रुपये व्याज आलें. तेवढ्यांत एका गरीब रुग्णाची खाट त्या वेळीं कदाचित् वर्षभर चालली असेल. तेच दहा हजार आजहि तेथेंच आहेत, एक पैहि कोणी खाल्ली नाहीं. पण आज साडेतीनशें रुपयांत त्या खाटेची एक आठवड्याची औषधें तरी येतील कीं नाहीं, याची शंकाच आहे. ठेव सुरक्षित राहिली आणि दान मात्र झिजून गेलें. यासाठीं मृत्युपत्रांत ठराविक रक्कम लिहिण्यापेक्षां हिस्सा लिहावा. देणीं फेडून व घरच्या माणसांना जें द्यावयाचें तें देऊन झाल्यावर जी मिळकत शेष राहील तिचा दहावा, विसावा, जो झेपेल तो हिस्सा. त्यामुळें आपण आणखी वीस वर्षें जगलों आणि पैशाची किंमत उतरली, तरी दान त्या प्रमाणांत टिकून राहतें. उलट, म्हातारपणीं आजारांत पैसा खर्च झाला, तरी दवाखान्याची ठरीव रक्कम मुलांच्या हिश्शांतून काढावी लागत नाहीं.

तिसरी गोष्ट उद्देशाची. दात्याची इच्छा पवित्र असते. पण रोग आणि औषधें तिच्यासाठीं थांबत नाहींत. क्षयाचें उदाहरण घ्या. १९४० च्या सुमारास क्षयाच्या रुग्णाला महिनोन् महिने मोकळ्या हवेच्या आरोग्यधामांत ठेवणें हाच मुख्य उपाय मानला जाई. त्या काळच्या एखाद्या सज्जनानें "माझ्या द्रव्याचा विनियोग क्षयरोग्यांच्या खाटेसाठींच व्हावा" असें लिहिलें असेल, तर त्यांत त्याची चूक नव्हती. पण १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें, मागोमाग दुसरीं औषधें आलीं, आणि १९५६ सालीं मद्रासेंत सुरू झालेल्या चाचणींत असें दिसून आलें कीं, नीट औषध घेणारा रुग्ण गरिबाच्या घरीं राहूनहि आरोग्यधामांतल्याइतकाच बरा होतो. त्या सज्जनाची खाट त्यानंतर रिकामीच राहूं लागली असेल. आणि शेजारच्या वॉर्डांत जमिनीवर निजलेल्या तापकऱ्याला ती देतां येत नसेल. मूळ उद्देश पार पाडणें अशक्य झालें तर त्याच्या जवळच्या उद्देशाकडे पैसा वळविण्याची तरतूद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यांत आहे. परंतु त्यासाठीं न्यायालयापर्यंत जावें लागतें आणि वर्षें जातात. "अमुक रोगासाठीं, तें शक्य नसेल तेव्हां गरीब रुग्णांच्या कोणत्याहि उपचारासाठीं", एवढे शब्द घातले कीं तें सारें टळतें.

कोणी म्हणेल, मग "धर्मकार्यास द्यावें" इतकेंच मोघम लिहिलें तर सर्वांत बरें! तसेंहि नाहीं. मुंबईकडील एका खटल्यांत १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें असा निर्णय दिला कीं, नुसतें "धर्मास" दिलेलें दान हें फार अनिश्चित असल्यामुळें निष्फळ होतें. म्हणजे फार आंवळून बांधलें तरी दान गुदमरतें, आणि फार सैल सोडलें तरी तें हातांतून निसटतें. मध्यम मार्ग असा: संस्थेचें पूर्ण नांव, गांव आणि धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा क्रमांक अचूक लिहावा, उद्देश स्पष्ट पण रुंद असावा, आणि ती संस्था त्या वेळीं नसेल तर कोणत्या प्रकारच्या दुसऱ्या संस्थेस द्यावें, तेंहि सांगावें.

संस्था निवडतांना भिडेला बळी पडूं नये. हिशेब तपासनिसाच्या सहीचा ताळेबंद मागावा. गेल्या वर्षीं किती रुग्णांना विनामूल्य उपचार मिळाले, हें विचारावें. महाराष्ट्रांत धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनीं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठीं विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल स्थितींतील रुग्णांसाठीं सवलतीच्या दरानें राखून ठेवाव्या, असा दंडक आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं त्याची योजनाहि घालून दिली. त्या खाटांवर कोण निजतें, हें पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. जी संस्था असल्या प्रश्नांनीं रागावते, तिला आपल्या आयुष्याची कमाई देण्याचें कारण नाहीं. आणि जी संस्था वह्या उघडून पुढें ठेवते, ती लहान असली तरी, किंबहुना लहान असली तर अधिकच, आपल्या विचारास पात्र आहे. शहरांत राहणाऱ्या आपल्यापैकीं कितीतरी जणांचें मूळ गांव कोठेंतरी आहे. तेथें आजी-आजोबांचीं दुखणीं ज्या दवाखान्यानें काढलीं, तो आतां कसा चालला आहे, याची चौकशी आपण शेवटीं केव्हां केली होती?

आतां घरच्या मंडळींविषयीं. मुलांच्या ताटांतलें काढून दान करा, असें मी सुचवीत नाहीं. कायदाहि मर्यादा घालतो. हिंदु मनुष्य आपल्या स्वकष्टार्जित मिळकतीची, आणि १९५६ च्या कायद्यानंतर एकत्र कुटुंबांतील स्वतःच्या हिश्शाचीहि, मृत्युपत्रानें व्यवस्था करूं शकतो. इतर सहभागीदारांच्या हिश्शाची नव्हे. मुसलमान गृहस्थाला वारसांच्या संमतीवांचून एक-तृतीयांशापलीकडे देतां येत नाहीं. ज्या घरांत विधवा, अपंग किंवा शिकणारें मूल मागें राहणार आहे, तेथें पहिला हक्क त्यांचाच. पण जेथें मुलें मिळवतीं झालीं आहेत, तेथें शेष मिळकतीचा दहावा हिस्सा गेल्यानें कोणी उघड्यावर पडत नाहीं. मात्र ही गोष्ट मुलांना जिवंतपणीं सांगावी. मेल्यानंतर कागदांतून कळलेलें दान मुलांना आपल्यावरचा अविश्वास वाटतें; समोर बसून सांगितलेलें दान त्यांना आपला वारसा वाटतें. पुष्कळदां असेंहि होतें कीं, मुलगा किंवा सून म्हणते, "आम्हीहि त्यांत भर घालूं."

हें सारें एका कलमांत मावतें. वकिलाला दाखवून आपापल्या परिस्थितीप्रमाणें बदलावें, पण त्याचा सांचा साधारण असा असावा: "माझीं देणीं फिटल्यावर व वर लिहिलेल्या व्यक्तींना त्यांचे हिस्से मिळाल्यावर जी मिळकत शेष राहील, तिचा दहावा हिस्सा अमुक गांवच्या, अमुक क्रमांकानें नोंदलेल्या, अमुक नांवाच्या संस्थेस तिच्या दवाखान्याच्या चालू खर्चासाठीं व गरीब रुग्णांच्या उपचारासाठीं द्यावा. ती संस्था त्या वेळीं अस्तित्वांत नसल्यास, त्याच तालुक्यांत गरीब रुग्णांची सेवा करणाऱ्या दुसऱ्या नोंदलेल्या सार्वजनिक संस्थेस द्यावा." दोन वाक्यें, वाचावयास एक मिनिटहि लागत नाहीं. त्याखालीं आपली सही आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या. मृत्युपत्र कोठें ठेवलें आहे, हें घरांतील एका माणसाला सांगून ठेवावें. तें केव्हांहि बदलतां येतें. आपण जिवंत आहोंत तोंपर्यंत त्यानें आपलें कांहींच जात नाहीं.

बाई गेल्यानंतर मीं स्वतःचें मृत्युपत्र केलें. त्यांत हें कलम घातलें. आणि त्या दिवसापासून, दवाखान्याला कांहीं ठेवावें असें कोणीहि माझ्याजवळ बोललें, कीं मी संकोच बाजूला ठेवून विचारतों, "लिहिलें आहे काय? साक्षीदार कोण आहेत?" आजवर एकाहि माणसाला त्याचा राग आलेला नाहीं. उलट एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "बरें झालें विचारलेंत, मला वाटत होतें, तुम्हांला वाईट वाटेल म्हणून मीच गप्प होतों."

दोन्ही बाजूंनीं हा असा अबोला असतो, श्रोतेहो. कोणीतरी आधीं बोललें पाहिजे. आज रात्रीं जेवणें झाल्यावर, तुमच्या घरांत, तें तुम्हीच बोला.